डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर; माझ्या बाबतीत साडेनऊ महिन्यांचं

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. ३१ मे २०२५ ला सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, आता वेळच वेळ आहे, म्हणून पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझी जन्मतारीख १ जून १९६७. हसलात ना? हसणारच. त्या दिवशी आमच्या कार्यालयात पाच जणांना नारळ मिळाला, त्यांतले चौघे १ जूनवाले. पाचवा बिचारा २ मे चा, तो आमच्यात उपरा वाटत होता.

आमचं गाव पाटण तालुक्यात. १९७३ च्या जूनमध्ये थोरल्या भावाच्या मागे मागे शाळेत गेलो. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितलं. बोटं पुरेनात. गुरुजींनी माझी मान हळूच उजवीकडे वाकवली, कानाची पाळी बोटाला लागली, आणि मी सहा वर्षांचा झालो. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पटावरची पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली होती, पट भरायचा होता, हे नंतर कळलं.

आता आई काय म्हणते ते ऐका. ती आज ऐंशीच्या पुढे आहे, कान-डोळे शाबूत. ती म्हणते, "भूकंप झाला तवा तू पोटात व्हतास. सहावा सरत आला व्हता. आन् झालास तू होळीच्या आदल्या रात्री."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून गेल्यावरचा. म्हणजे दाखल्याप्रमाणे मी तेव्हा सहा महिन्यांचं रांगायला बघणारं पोर, आणि आईप्रमाणे सहाव्या महिन्यातला गर्भ. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आईचं धरलं तर माझा जन्म मार्च १९६८ च्या मध्यावरचा आणि निवृत्ती ३१ मार्च २०२६ ला. दहा महिन्यांचा पगार राहूद्या, तो गेला. मला वेगळाच किडा चावतोय.

माझ्या जन्माला मी स्वतः हजर होतो. तरी साक्षीदार म्हणून माझी किंमत शून्य. जे काही कळलं ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून. मग "मला माझा जन्म कधी झाला ते माहीत आहे" असं मी म्हणू शकतो का? का फक्त "मी असं मानतो" एवढंच? आणि कुणाचं मानायचं, कागदाचं की आईचं?

चहाबाज

जागा धरून ठेवतो. चहा टाकलाय.

भुईनळा

साहेब, हिशेब करा. मार्चच्या मध्यावर जन्म म्हणजे गर्भधारणा साधारण जूनच्या मध्यावर. दाखला म्हणतो १ जून. म्हणजे सरकारदरबारी तुम्ही आईच्या पोटात यायच्या पंधरा दिवस आधीच जन्मला होता. हे भाग्य कर्णालाही लाभलं नाही.

मीही_एक_जून

इकडे तिघं भावंडं १ जूनची. थोरली ६१, मधला ६३, मी ६५. आई म्हणायची मास्तरांनी सोय केली, केक एकच लागेल. केक कुणी आणला, ते सोडा.

पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: मानायचं आईचं. मास्तर तिथे होते का?

वकीलीणबाई

भावना समजते, पण कायद्यात काय होतं ते सांगते, कारण गंमत त्यात जास्त आहे.

तोंडी पुरावा थेट असला पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसंच आहे. पाहिलेली गोष्ट असेल तर "मी पाहिली" म्हणणाराच हवा, ऐकलेली असेल तर "मी ऐकली" म्हणणारा. "मला अमक्याने सांगितलं" हा ऐकीव पुरावा, तो चालत नाही (अपवाद आहेत, मृत्युपूर्व जबाब वगैरे). या न्यायाने माणसाने स्वतःच्या जन्मतारखेबद्दल दिलेली साक्ष ऐकीवच ठरते. कोयनाकाठचा, तुमची शंका कोर्टालाही मान्य आहे!

आता शाळेच्या रजिस्टरचं. ते कागद म्हणून दाखल होतं, पण त्यातल्या तारखेचं वजन ती कुणी आणि कशावरून सांगितली यावर ठरतं. बिराद मल सिंघवी खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: नोंदीमागे आईवडिलांची किंवा खास माहिती असलेल्या कुणाची तरी माहिती हवी, नाहीतर नुसत्या नोंदीला अर्थ नाही. म्हणजे तुमच्या दाखल्याच्या मागे काय आहे? वाकवलेली मान.

पण नोकरीच्या बाबतीत हे काही चालणार नव्हतं. राज्याच्या सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्यांना कोर्ट उभं करत नाही.

कोयनाकाठचा

@वकीलीणबाई, धन्यवाद. पाच वर्षांच्या आत? तेव्हा नोकरी लागली याचाच आनंद एवढा होता की तारखेकडे कोण बघतो.

पोथीनिष्ठ

या प्रश्नावर आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं डोकेफोड झालेली आहे, म्हणून थोडं लांबवतो.

ज्ञानाची साधनं म्हणजे प्रमाणं. चार्वाक एकच मानतो, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान घालतात. सांख्य तिसरं मानतात, शब्द. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं), शब्द. मीमांसक आणि वेदान्ती त्याच्याही पुढे जातात. म्हणजे भांडण नेमकं इथेच आहे की कुणीतरी सांगितलेलं हे स्वतंत्र ज्ञान, का सांगणाऱ्याच्या भरवशावर आपण केलेलं अनुमान. बौद्ध आणि वैशेषिक म्हणतात, अनुमानच. नैयायिक म्हणतात, नाही, स्वतंत्र.

न्यायसूत्रांतली व्याख्या तीन शब्दांत बसते: आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आता आप्त कोण? आपण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक करून टाकला (आप्तेष्ट!), मूळ अर्थ वेगळा. भाष्यकार वात्स्यायन सांगतो, ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढचं वाक्य मला फार आवडतं: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. म्हणजे सांगणाऱ्याची जात, पदवी, हुद्दा बघायचा नाही. त्याला माहीत आहे का आणि तो खोटं बोलत नाहीये ना, एवढंच.

या कसोटीवर आईसाहेब आप्त. गुरुजी नाहीत, कारण त्यांना माहीत नव्हतं. खोटं बोलायची गरज होती हा भाग वेगळाच.

शंकासूर

वा! म्हणजे आप्त सांगतो ते खरं, आणि खरं सांगतो तो आप्त. आईला माहीत होतं हे तुम्हाला कसं कळलं? आईने सांगितलं म्हणून. जिलबी मस्त गोल पडली आहे.

मी चार्वाकाच्या बाजूने. दिसतं तेवढंच खरं.

पोथीनिष्ठ

@शंकासूर, चार्वाकाला जुना प्रश्न विचारतो. तुमचे वडील कोण हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?

शंकासूर

वैयक्तिक होऊ नका. (डीएनए करून घेईन.)

वकीलीणबाई

डीएनएचा अहवालही कुणीतरी लिहून देतो हो. प्रयोगशाळेत तुम्ही नसता.

चहाबाज

😂 चहा नाकात गेला. शंकासूर १ बाद ०.

शंकासूर

हसा हसा. पण चार्वाकाची एक गोष्ट ऐका मग. आठव्या शतकातल्या हरिभद्र नावाच्या जैन आचार्यांनी तिचा उल्लेख केलाय आणि टीकाकारांनी ती सांगितली आहे. एका चार्वाकाची बायको शास्त्री-पंडितांचं ऐकणारी. याने रात्री तिला वेशीबाहेर नेलं आणि रस्त्याच्या धुळीत बोटांनी लांडग्याचे पंजे उमटवले. सकाळी गावातले विद्वान जमले: "रात्री रानातून लांडगा आला होता, पंजे बघा." नवरा बायकोला म्हणाला, "बये, लांडग्याचे पंजे बघ. यांना तू शहाणे म्हणतेस."

यात शब्दही गेला आणि अनुमानही गेलं. उरलं काय? बायकोने डोळ्यांनी पाहिलेली नवऱ्याची बोटं.

आत्याबाई

गोष्ट छान आहे शंकासूर, पण विद्वानांनीही डोळ्यांनीच पाहिले की पंजे. डोळ्यांनी पाहूनच फसले. उलट एखाद्याने त्यांना आधी सांगितलं असतं की हा माणूस वात्रट आहे, तर वाचले असते.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

मी शेतकरी माणूस, शास्त्र कळत नाही. पण डोळ्यांचं सांगतो.

बाविसाव्या वर्षी एका भरतीच्या मेडिकलला गेलो. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. विचारलं आकडा कोणता. म्हटलं, कसला आकडा, ठिपके आहेत. मागच्या पोराने लांबून सांगितला, चौऱ्याहत्तर. पुढचं पान, त्याने सांगितला. मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. लाल-हिरवं कळत नाही असा शेरा मारून मला बाहेर काढलं. तोवर बावीस वर्षं मी सगळ्यांसारखंच बघतो अशी माझी पक्की खात्री. सिग्नल वरचा-खालचा बघून ओळखत होतो, ते सगळेच तसं करतात असं वाटायचं.

आता बघा. माझे डोळे सांगतात तिथे आकडा नाही. चार लोक सांगतात आहे. मी चार लोकांचं ऐकलं. कुणावर भरवसा ठेवला मी? डोळ्यांवर तर नाही.

आज चार एकर डाळिंब आहे. फळ रंगावर आलं का ते बायको सांगते. ती माहेरी गेली तर मी फळ टिचकीने वाजवतो, पिकलेलं असेल तर खणखणीत आवाज येतो, आणि फळाची गोलाई जाऊन अंगाला कडा यायला लागतात, हाताला कळतं. व्यापारी बघत राहतो. पण पहिल्यांदा तो आवाज म्हणजे पिकल्याचा आवाज हे बायकोनेच डोळ्यांनी बघून सांगितलं होतं. मी तिच्या शब्दावर कान तयार केला.

पोथीनिष्ठ

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. टोपी काढतो.

मीही_एक_जून

+१. आणि डाळिंब कधी पाठवताय?

माहीमकर

डोळ्यांचं झालं, मी जिभेचं सांगतो. १८ ऑगस्ट २००६. आमच्या माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं अशी आवई उठली आणि रात्री माणसांचा पूर लोटला. बाटल्या, कॅन, कळश्या. मीपण गेलो. विज्ञान शाखेचा पदवीधर, लाज वाटते सांगायला, पण ओंजळभर तोंडात घेतलं. आणि शपथेवर सांगतो, खारट नव्हतं!

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, साखरेसारखं गोड? मी म्हटलं नाही, मचूळ, पण खारट नाही. ते म्हणाले, मग गोडं पाणी म्हण ना. आमच्याकडे कोळणी विहिरीच्या पाण्याला गोडंच म्हणतात, त्यात साखर कुणी घालत नाही. भर पावसाळ्यात मिठी नदी माहीमच्या खाडीत पाणी ओतते, ते हलकं म्हणून वर राहतं. जीभ खरं बोलत होती. तोंडातोंडी "गोडं"चं "गोड" झालं आणि गोडाचं प्रसाद.

आणि हो, ते पाणी पिऊ नका असं सरकार ओरडून सांगत होतं. त्या खाडीत काय काय येतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

आत्याबाई

आणि दोन-तीन दिवसांत गणपती परत दूध प्यायला लागला होता, आठवतंय? पहिला मान १९९५ चा.

भुईनळा

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी नववीत. शाळा अर्धी सुटली. घरोघरचे फोन खणखणत होते, ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना शेजारी हाका मारत होते. आमच्या आळीतल्या देवळाबाहेर रांग, दूधवाल्याची चांदी.

माझा नंबर आला. संगमरवरी मूर्ती. पुजाऱ्यांनी सांगितलं, चमचा सोंडेला टेकव, हलवू नको. टेकवला. आणि देवा शपथ, चमच्यातलं दूध कमी झालं. अंगावर काटा आला. मी पाहिलं म्हणजे पाहिलं.

आत्याबाई

काय पाहिलंस रे बाबा? नीट आठव. चमच्यातलं दूध कमी होताना पाहिलंस. प्यायल्याचं कुठे पाहिलंस? पिणं हा शब्द पुजाऱ्यांचा.

मी तेव्हा नोकरीला लागलेली. घरच्या पितळी मूर्तीपुढे दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि चमचा टेकवला. सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर तांबडा ओघळ. पांढऱ्या मूर्तीवर पांढरा ओघळ कोण बघतो? दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच दाखवलं. चमच्याच्या काठाला फुगून राहिलेलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं. सासूबाईंनी तो ओघळ पाहिला आणि म्हणाल्या, "तू कुंकू घातलंस म्हणून त्याने थुंकून टाकलं."

चहाबाज

सासूबाईंना साष्टांग. हा शुद्ध नव्यन्याय आहे.

भुईनळा

@आत्याबाई, मान्य. पण मग "मी पाहिलं" असं आपण जे जे म्हणतो त्यात कुणाचा ना कुणाचा शब्द मिसळलेला असतोच की. पुजाऱ्यांनी आधी सांगितलं नसतं तर मला दूध सांडलेलं दिसलं असतं.

मिनेसोटातली_मावशी

उलटं उदाहरण देऊ? इथे मिनिआपोलिसजवळ हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्यावर गाड्या घालतात. अगदी ट्रक नेतात, भोक पाडून मासे धरत बसतात. लग्न होऊन आले त्या वर्षी फोनवर आजीला सांगितलं. आजी माण तालुक्यातली, जन्म टँकरच्या रांगेत गेलेला. म्हणाली, "पाण्यावर गाडी? शिकलीस तरी थापा सोडल्या नाहीस."

तत्त्वज्ञ जॉन लॉकने ही गोष्ट सतराव्या शतकातच लिहून ठेवली आहे, हे नंतर वाचलं. डच राजदूत सयामच्या राजाला सांगतो की आमच्याकडे थंडीत पाणी इतकं कडक होतं की त्यावर हत्ती उभा राहील, असलाच तर. राजा म्हणतो, आजवर तुझ्या चमत्कारिक गोष्टी मी सभ्य माणूस म्हणून मानल्या. आता कळलं तू खोटं बोलतोस. राजा मूर्ख नव्हता. त्याने जन्मात न गोठणारं पाणीच पाहिलेलं. आजीपण मूर्ख नव्हती.

पुढे व्हिडिओ पाठवला. आजीने पाहिला, मान डोलावली आणि मामाला विचारलं, "हे शिणिमात करतात तसं आसंल का रं?" आज तिची शंका जास्तच रास्त आहे. गेल्या महिन्यात आमच्या गटावर आलेल्या एआयच्या बनावट व्हिडिओला मी स्वतः "वा, सुंदर" लिहून बसले.

शंकासूर

म्हणजे कानही गेले, डोळेही गेले. चार बोटांच्या अंतराचं काय करायचं आता?

भूगर्भी

माफ करा, उशिरा आलो. विषय कोयनेचा आहे आणि कुणीच एक साधा प्रश्न विचारला नाही: कोणता भूकंप?

कोयना परिसरात धरण भरायला लागलं तेव्हापासून धक्के जाणवत होते. ११ डिसेंबर १९६७ चा सगळ्यांत मोठा, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पण त्याआधी १३ सप्टेंबर १९६७ ला पाच तीव्रतेच्या वरचा धक्का येऊन गेला होता. नंतर १९६८ च्या ऑक्टोबरातही पाचाच्या वरचा झाला. मधले लहान तर किती. "भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास" हे सप्टेंबरचं असेल तर सहावा महिना सप्टेंबरात, आणि जन्म डिसेंबर ६७ चा.

शिवाय आठवण. १९७४ मध्ये अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर या दोघांनी मोटारींच्या टकरीची फिल्म लोकांना दाखवली. "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती" असं जोरदार शब्दांत विचारलं तर लोकांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्यात का? त्यांतल्याच जास्त जणांनी हो म्हटलं. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. आईंनी ही गोष्ट सत्तावन वर्षं सांगितली आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी विचारलं असेल.

मीही_एक_जून

होळीचं काय मग? डिसेंबरात होळी?

भूगर्भी

तेच म्हणतोय. एक तरी धागा सुटतोय. कोयनाकाठचा, आईंना विचारा ना. पण "डिसेंबरचा ना?" असं विचारू नका, उत्तर तोंडात घातल्यासारखं होईल. नुसतं "त्या रात्रीचं सांग" म्हणा.

गावगाडा

कागदाचा मार्ग संपलेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण गावपातळीवर त्याच्या आधीपासून नोंदी ठेवल्या जात. गाव नमुना नंबर १४, काही भागात त्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अलीकडे कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं उपसली...

संपादक मंडळ

तो विषय इथे नको. त्यासाठी दुसरे चार धागे चालू आहेत, तिथेही नको.

डॉ_तात्पुरते

कुणी सुचवायच्या आत सांगतो: हाडांचा एक्स-रे काढून वय ठरवणं विशीपर्यंत ठीक, तेही वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक्स-रेत फक्त गुडघे दिसतील, आणि ते वयापेक्षा म्हातारे दिसतील.

कोयनाकाठचा

मंडळी, गेले दहा दिवस गायब होतो, गावी गेलो होतो. आधी तहसील. अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी एक भला कारकून स्वतः कक्षात घेऊन गेला. आमच्या गावच्या दप्तरात ती चार वर्षंच नाहीत. ६५ पर्यंतचं आहे, मग एकदम ७० चं. मधलं वाळवीने खाल्लं का गेलंच नाही कोण जाणे. बांधलेल्या रुमालाला हात लावला तर नुसता भुगा.

मग आई. भूगर्भींनी सांगितलं तसं, ओसरीवर तिच्याजवळ बसलो आणि नुसतं म्हटलं, "भूकंपाच्या रात्रीचं सांग की." ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. तिच्याच शब्दांत लिहितो, जमेल तसं:

"थंडी लई व्हती. आयतवारची रात सरून सोमवार उजाडत व्हता, माजा उपास व्हता सोमवारचा, म्हनून साबुदाना भिजत घातल्याला. पयला आवाज आला, गाडी यावी तसा. मग उतरंड कोसाळली. गाडग्यांची, खालपासून वरपातूर. तुज्या बाच्यानं मला दंडाला धरून भाईर वडलं. मागची भिंत गोठ्यावर पडली. म्हस दावं तोडून गेली ती दुपारी घावली. मग आमी समदी खळ्यात शेकोटी करून बसलो. साबुदाना तसाच ऱ्हायला मातीत."

थंडी. सोमवार. साबुदाणा. मी मधे काही बोललो नाही.

भूगर्भी

आत्ता कॅलेंडर काढलं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. १३ सप्टेंबर बुधवार होता. शंका मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा.

पोथीनिष्ठ

शाबास! आणि बघा, साबुदाण्यावरून वार, वारावरून तारीख. शब्द, अनुमान आणि कॅलेंडर नावाचा आणखी एक शब्द.

शंकासूर

वार तिला नंतर दहा लोकांनी सांगितला असेल.

पण साबुदाणा कुणी सांगणार नाही. मी गप्प बसतो.

वकीलीणबाई

शंकासूर गप्प बसले याचा पंचनामा करून ठेवा कुणीतरी. उलटतपासणीत टिकणारी साक्ष अशीच असते. शिकवलेला साक्षीदार तारीख आणि वेळ घडाघडा सांगतो, मातीत पडलेला साबुदाणा सांगत नाही.

कोयनाकाठचा

थांबा, अजून आहे, आणि हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी खूश होऊन आईला म्हटलं, म्हणजे मी होळीच्या आदल्या रात्री झालो हे पण पक्कं. तर म्हणाली, "त्ये मला काय ठावं? मला कुठं शुद्ध व्हती? दोन दिस लई हाल झालं. तुजी आत्या सांगायची, गल्लीतली पोरं होळीसाठनं गवऱ्या चोरत व्हती तवा झाला म्हनून. तिनंच नाळ कापली."

आत्या जाऊन बावीस वर्षं झाली.

म्हणजे भूकंप आईचा स्वतःचा, माझा जन्म मात्र तिच्याकडेही ऐकीव! सत्तावन वर्षं मी जिच्या शब्दावर विसंबलो, ती त्या रात्रीबद्दल दुसऱ्या कुणाच्या शब्दावर विसंबलेली. मी हजर, आई हजर, आणि दोघांनाही आत्याने सांगितलं.

आत्याबाई

आत्यांना काही बोलायचं नाही हं. 🙏

सांगोल्याचा_डाळिंबवाला

आत्याने नाळ कापली ना? मग झालं. तिने बघितलं. माझ्या डाळिंबासारखंच आहे तुमचं.

भुईनळा

आणि गवऱ्या एका रात्रीत चोरत नाहीत हो, आम्ही आठवडाभर आधी सुरू करायचो. "आदल्या रात्री" कुठून आलं?

कोयनाकाठचा

@भुईनळा, झोप उडवलीत. आईला फोन करतो.

मीही_एक_जून

ते असूद्या. आम्ही शुभेच्छा कधी द्यायच्या?

कोयनाकाठचा

१ जूनला बँक देते, विमावाले देतात, निवृत्त सहकाऱ्यांच्या गटावर तर त्या दिवशी एकाच केकच्या चित्रावर अकरा नावं असतात. आई होळीला पुरणपोळी करते आणि पहिली माझ्या ताटात टाकते. तुम्ही होळीला द्या. आठवडाभर आधी दिल्यात तरी चालेल.

चहाबाज

चहा कधीच थंड झाला. दुसरा टाकतो. भुईनळा, गवऱ्यांचा धागा वेगळा काढा.